लाईट लागला नव्हता

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी लातूर-नांदेड रस्त्यावर, लातूरपासून दोन कोसांवर, पिण्याच्या पाण्याचा एक टँकर रस्त्याच्या डाव्या अंगाला शेतात उलटला. चालकाचा उजवा हात कोपराखाली मोडला. दुसरे कोणी जखमी झाले नाही. टँकरच्या पुढे एक जुनी मोटार चालली होती. ती माझ्या वडिलांची होती. ते ती चालवत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मोटारीला ओरखडाही उठला नाही.

लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतरचा तो दुष्काळी उन्हाळा. मी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि आठवड्याच्या सुटीला घरी येत असे. वडिलांना, म्हणजे अप्पांना, लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, सरकी-पेंडीचे दुकान होते. शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येई, तेही पिवळट. म्हणून अप्पा मंगळवारी आणि शनिवारी मोटार घेऊन आत्याच्या शेतावर जात, तिच्या विहिरीतून डबे भरून आणत. त्या मंगळवारी मीही गेलो होतो. परत येताना एका वस्तीजवळ डोक्यावर रिकाम्या कळश्या घेतलेल्या बायका अचानक रस्ता ओलांडू लागल्या. अप्पांनी ब्रेक दाबला. मागे कर्कश आवाज झाला, मग जड काहीतरी पडल्याचा दणका.

मी उतरलो तेव्हा टँकर कुशीवर पडलेला होता आणि झाकणातून पाणी वाहत होते. ते ढेकळांत जिरत होते. ज्या बायकांसाठी आम्ही थांबलो होतो त्या तिकडे धावल्या. वस्तीतून आणखी माणसे आली. कोणी कळशी लावली, कोणी पातेले, एका म्हाताऱ्याने डोक्याचा पटका सोडून चिखलात भिजवला आणि पिळून घेतला. चालक आपल्या पायांनी बाहेर आला होता. तो बांधावर बसला होता, डाव्या हाताने उजवा हात धरून. मी घड्याळ पाहिले होते म्हणून सांगता येते: पहिली सहा मिनिटे त्याच्याकडे कोणी गेले नाही. त्यात मीही होतो.

अप्पा त्याच्याजवळ गेले ते त्याला झापायलाच.

"झोपला होतास का रे?"

"झोपतो कशाला, मालक. तुमच्या मागचा लाईट लागला न्हाई. ब्रेक मारला तर लाल लागायला पाहिजे की न्हाई? मी तुमच्या लाईटाकडंच बघून राहिलो होतो."

"लाईट चालू हाय. सकाळीच बघितलाव."

"लागला न्हाई," तो म्हणाला. तो हदगावकडचा होता, वय तिशीच्या आत. टँकर ठेकेदाराचा, तो त्यावर पगारी माणूस. त्याने पुन्हा तेच सांगितले, आवाज न चढवता. "लागला न्हाई, मालक."

पोलीस आले. पंचनामा झाला. जमादारांनी मला विचारले, तुम्ही पत्रकार, तुम्ही काय पाहिले? मी सांगितले आणि त्यांनी लिहून घेतले की मोटारीचे ब्रेकचे दोन्ही दिवे चालू असल्याचे मी स्वतः पाहिले आहे. त्याखाली मी सही केली, अप्पांनीही आपल्या तशाच जबाबावर केली. मी ते खरोखरच पाहिले होते. घरून निघण्यापूर्वी अप्पांनी ब्रेक दाबला होता आणि मी मागे उभा राहून "लागले" म्हणालो होतो. तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. ही वेळ जबाबात आली नाही. जमादारांनी विचारली नाही आणि मी सांगितली नाही.

चालकाचे लायसन्स जप्त झाले. त्याला सिव्हिल हॉस्पिटलात नेले. दुपारी मी ट्रंक कॉल लावून नांदेडला चार ओळी सांगितल्या. चालकाच्या निष्काळजीपणामुळे पाण्याचा टँकर उलटला, एका गावाचे पाणी वाया गेले. बुधवारी सकाळी त्या पहिल्या पानावर तळाशी आल्या. लातूरला अंक दुपारच्या बसने येई.

त्याच बुधवारी सकाळी अप्पांना दुकानावर सोडायला मी मोटार काढली. चावी फिरवली. पेट्रोलचा काटा हलला नाही, शून्यावर पडून राहिला. आदल्या दिवशी आम्ही पेट्रोल भरले होते.

"काटा पडलाय," मी म्हणालो.

"पडतो तो. फ्यूज गेला असंल," अप्पा म्हणाले. "ह्या महिन्यात चौथ्यांदा. मिस्त्रीला दाखवून घे."

हे ऐकल्यावर मी मोटार बंद केली. त्या मोटारीत दोनच फ्यूज होते, चिनी मातीच्या नळीसारखे, बॉनेटखाली. एकावर हॉर्न आणि आतला दिवा. दुसऱ्यावर पेट्रोलचा काटा, वळणाचे दिवे, वायपर आणि ब्रेकचे दिवे. दुसरा उडाला की हे सगळे एकदम जाते. पाऊस नव्हता, त्यामुळे वायपरची कोणाला आठवण नव्हती. वळताना अप्पा हात बाहेर काढत. पेट्रोल ते टाकीत काडी घालून मोजत. ब्रेकचा दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही. मी उतरून मागे गेलो, अप्पांना ब्रेक दाबायला सांगितले. दोन्ही दिवे काळे होते.

"काल घरी आल्यावर उडाला असंल," अप्पा म्हणाले. फ्यूज काल घरी आल्यावर उडाला असेल तर माझी सही खरी होती. रस्त्यावर उडाला असेल तर तो चालक खरे बोलत होता आणि त्याचे लायसन्स आमच्या सह्यांनी गेले होते. उडाला हे आम्हाला ठाऊक होते. कधी उडाला, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे मिस्त्री गंजाच्या मागच्या गल्लीत बसत. साठीचे गृहस्थ, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. मी त्यांना लहानपणापासून चाचा म्हणतो. मोटार पाहताच ते हसले.

"आली का सासरवाशीण? अप्पा, तुमची गाडी माझ्यासमोर लई शहाण्यासारखी वागते. घरी गेली की भांडी फोडते. तीनदा फ्यूज घातला, तीनदा अख्खं वायरिंग बघितलं. काही सापडत न्हाई."

"मग मोठा फ्यूज घाला की," अप्पा म्हणाले.

"फ्यूज म्हंजे वॉचमन. चोर येतो म्हणून वॉचमन मरतो. जाडा वॉचमन ठेवला तर चोर घर जाळून जाईल." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "पत्रकार, तोंड का उतरलं?"

मी काय झाले ते सांगितले. चाचांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा बांधला. त्यानंतर ते विनोद बोलले नाहीत.

"उडतो कधी?"

"कधीबी," अप्पा म्हणाले.

"कधीबी काही उडत न्हाई, अप्पा. वार सांगा."

अप्पांना वार आठवत नव्हते, पण चाचांनी मोटार आपल्याकडे कधी आली ते सांगितले. एकदा बुधवारी. मग पुन्हा बुधवारी. मग पुन्हा बुधवारी. आजही बुधवार होता. मी ते वहीत एकाखाली एक लिहिले आणि वही त्यांच्यापुढे धरली. बुधवारच्या आधी मंगळवार येतो, रविवारच्या आधी शनिवार. हे पाणी आणण्याचे दिवस होते.

"पाणी भरलेली गाडी माझ्याकडं कधी आणली का?" चाचांनी विचारले.

"पाणी घेऊन मिस्त्रीकडं कोण जातंय?"

ते बरोबर होते. त्या उन्हाळ्यात लातुरात कोणीही पाणी भरलेली गाडी रस्त्यावर उभी करून दुसऱ्या कामाला जात नव्हते. पाणी आधी घरात जाई, दार लागे, मग बाकीचे. मोटार चाचांपुढे आली ती दरवेळी रिकामी.

चाचा हत्यारांची पिशवी घेऊन आमच्याबरोबर घरी आले. त्यांनी फ्यूज काढून त्या जागी दोन वायरींनी एक बल्ब जोडला आणि मला समजावून सांगितले. लाईन ठीक असेल तर ब्रेक दाबल्यावर हा बल्ब मंद लागेल आणि मागचे दिवेही मंद लागतील, कारण करंट वाटला जातो. लाईन कुठे गाडीच्या पत्र्याला टेकली असेल तर मागचे दिवे विझतील आणि हा एकटा भगभगीत पेटेल. फ्यूज नाही म्हणून काही उडणार नाही, हवे तितके वेळा बघता येईल.

आधी रिकाम्या मोटारीवर पाहिले. बल्ब मंद लागला. मग आम्ही घरातले पाण्याचे सहा डबे उचलून डिकीत ठेवले, मंगळवारी ठेवले होते त्याच क्रमाने. मी ब्रेक दाबला. बल्ब मंद. चाचांनी डिकीवर बसून झोके दिले, अप्पांनी दार आपटले, मी मोटार पुढे-मागे हलवली. बल्ब मंदच राहिला. मागचे दिवेही तसेच मंद लागत होते.

लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. अप्पाही म्हणाले, "बघ. पाण्याचा काही संबंध न्हाई. घरी आल्यावरच गेला." डबे उतरवायला त्यांनी हातही घातला.

आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, उंबऱ्यात उभी होती. डबे घराबाहेर गेल्यापासून तिची नजर त्यांच्यावरून हलली नव्हती. ती म्हणाली, "घागर ठेवली न्हाई तुम्ही."

"घागरीचं काय?" अप्पा म्हणाले.

"मंगळवारी घागर होती की."

"ती पाण्यात धरत न्हाईत. ती पूजेची."

चाचांनी मान वर केली. "कंची घागर?"

अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग होते. सकाळी त्याची पूजा झाल्याशिवाय ते तोंडात पाण्याचा घोट घेत नसत. घरची बोअर आटल्यापासून, म्हणजे महिन्याभरापासून, नळाचे पिवळे पाणी पूजेला नको म्हणून ते आत्याच्या विहिरीचे पाणी एका पितळी घागरीत वेगळे आणत. ती भरत तेच, डिकीच्या डाव्या कोपऱ्यात डब्यांपासून वेगळी ठेवत तेच, घरी आल्यावर सगळ्यात आधी उतरवून देवघरात नेत तेच. तिला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. त्यामुळे गाडीत काय होते असे विचारले की आम्ही सगळे सहा डबे सांगत होतो. पोलिसांना मी तेच सांगितले होते. सहा डबे. घागर माझ्या शेजारून विहिरीवरून मोटारीत गेली होती आणि मी ती मोजली नव्हती.

"महिन्याभरापासून," चाचा म्हणाले. "फ्यूज कधीपासून उडतोय, अप्पा?"

अप्पा आत गेले. देवघरातून घागर घेऊन आले. ती अर्धी झाली होती. त्यांनी तांब्याने डब्यातले पाणी तिच्यात ओतले, काठोकाठ. मग दोन्ही हातांनी उचलून डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, तिच्या नेहमीच्या जागी ठेवली आणि तळाशी गोणपाट सारले. चाचा बाजूला उभे राहिले, त्यांनी हात लावला नाही. अप्पांनी सांगितलेही नव्हते.

"दाबा," चाचा समोरून म्हणाले.

मी ब्रेक दाबला. बॉनेट उघडे होते, मला काही दिसत नव्हते.

"सोडा. पुन्हा दाबा."

पुन्हा दाबला.

"मागचे लाईट गेले," अव्वा दारातून म्हणाली.

मी उतरून पुढे गेलो. चाचांनी मला इशारा केला, अप्पांना ब्रेक दाबायला बसवले. बल्ब दुपारच्या उन्हात डोळ्यांना टोचेल इतका पेटला. अप्पांनी पाय काढला की विझला. तीनदा पाहिले. मग अप्पांनी घागर उचलून खाली ठेवली. पुन्हा ब्रेक. बल्ब मंद, मागचे दोन्ही दिवे चालू.

चाचांनी कोपऱ्यातले गोणपाट उचलले. पत्र्यावर घागरीच्या बुडाच्या कडेची अर्धगोल खूण उठली होती. तिच्याखालून ब्रेकच्या दिव्याची वायर गेली होती आणि नखाएवढ्या जागेत तिचे वरचे आवरण झिजून तांबे उघडे पडले होते. भरलेली घागर वर आली की ते तांबे पत्र्याला दाबले जाई. त्यातही ब्रेक दाबल्याशिवाय त्या वायरीत करंट येत नसे. म्हणजे घागर ठेवल्यावर जो पहिला ब्रेक लागेल, त्याच क्षणी फ्यूज उडणार आणि दिवा लागणार नाही.

"विहिरीवरून निघाल्यावर त्या बायांच्या आधी ब्रेक मारला होता का?" चाचांनी विचारले.

"आठवत न्हाई," अप्पा म्हणाले.

"मारला असंल तर तवाच गेला. नसंल मारला तर तिथं गेला. कसंबी धरा. त्या माणसाला लाईट दिसला न्हाई."

अप्पा पायरीवर बसले. घागर त्यांच्याजवळ होती. ते म्हणाले, "त्यानं तीनदा सांगितलं मला." मग उठून मला म्हणाले, "सदरा घाल. ठाण्यात जाऊ."

ठाणे तेव्हा भाड्याच्या घरात होते. जमादारांनी आमचे ऐकून घेतले आणि पेन खाली ठेवले.

"अप्पा, ज्याच्या बाजूनं निकाल लागतोय तोच जबाब बदलायला आलेला मी पहिल्यांदा पाहून राहिलो. कोणी दम दिला का?"

"न्हाई."

"मग?"

"लाईट लागला नव्हता," अप्पा म्हणाले. "लिहा तसं."

जमादारांनी लिहिले. घागर मुद्देमाल म्हणून लागेल, असे ते म्हणाले. अप्पांनी विचारले, उद्याची पूजा करून आणून दिली तर चालेल का. जमादारांनी त्यांच्या गळ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "घागर राहू द्या. वायरीचा तुकडा आणि मिस्त्रीचा जबाब द्या." माझ्या पुरवणी जबाबात मी वेळ घातली. दिवे पाहिले ते सकाळी आठ वाजता, घागर ठेवण्यापूर्वी.

तिथून आम्ही सिव्हिल हॉस्पिटलात गेलो. चालक जनरल वॉर्डात खाटेवर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. अप्पांनी त्याच्यासमोर उभे राहून सांगितले, "तुझं खरं होतं. आमचा फ्यूज गेला होता."

त्याने आम्हा दोघांकडे पाहिले. "मी म्हन्लो होतो की न्हाई?"

"हाव. म्हन्ला होतास."

"मला वाटायला लागलं होतं, आपलीच झापड लागली का काय. काल रातभर तोच इचार करून राहिलो." मग त्याने डाव्या हाताने उशीखालून कागदाचा तुकडा काढला आणि मला विचारले, "साहेब पेपरात हायेत ना? हे कोणी लिहिलं ते सांगता येईल का?"

त्या माझ्या चार ओळी होत्या. अंक दुपारी आला होता. ठेकेदाराने त्यातून कातरण काढून त्याच्याकडे पाठवले होते आणि कामावरून कमी केल्याचा निरोपही दिला होता. पोलिसांनी ठेकेदाराला अजून काहीच कळवले नव्हते. मी लायसन्सच्या मागे लागलो होतो. नोकरी त्याआधीच बातमीने गेली होती.

"मी लिहिलं," मी म्हणालो.

"तुम्ही तर तिथंच होता," तो म्हणाला.

अप्पा खाटेच्या कडेवर बसले. तो सरकून त्यांना जागा देत होता.

संध्याकाळी मी ठेकेदाराला गाठले. त्याने सगळे ऐकले. "तुमचंच छापलं, तुमच्याच पेपरावर मी विश्वास ठेवला. आता तुम्हीच म्हणता खोटं हाय. मी काय करू? गाडी क्रेननं उचलली, दुरुस्तीला टाकली, दुसरी गाडी लावली, तिच्यावर दुसरा माणूस घेतला. टँकर एक दिवस चुकला तर गाव दगड घेऊन येतं, साहेब. त्याच्या हाताला दीड महिना. मी कुणाला थांबवू?"

"हात बरा झाल्यावर?"

"तवाचं तवा."

खुलासा मी त्याच रात्री लिहिला. संपादकांनी विचारले, वडिलांचा उल्लेख हवाच का? मी हवा म्हणालो. शुक्रवारी तो आतल्या पानावर सहा ओळींत आला, घटनेची वेळ आणि दिवे पाहिल्याची वेळ या दोन्हींसह. अंकाच्या दोन प्रती मी लातूरला पाठवल्या. एक ठेकेदाराला, एक वॉर्डात. ठेकेदाराकडून उत्तर आले नाही. मी पुढच्या मंगळवारी विचारले तेव्हा नव्या टँकरवर दुसराच चालक होता.

चालकाविरुद्धचे प्रकरण पुढे नेले नाही. त्याचे लायसन्स परत द्यायचे ठरले. कागद नव्या जिल्ह्याकडे पाठवायचे की जुन्या, यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तो स्वतः ठाण्यात आला, सोबत हदगावहून आलेला भाऊ होता. रजिस्टरमधली नोंद मी नंतर पाहिली. त्याला सही येत होती, पण उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आहे. लायसन्स मिळाले, तक्रार नाही. वेळ दुपारी बारा वाजून दहा मिनिटे. हदगावकडची बस साडेबाराला सुटली. दोघेही त्या बसने गेले.